हंसराज पुन्हा पुन्हा वाळतो? या क्रमाने तपासा

हंसराज हा नेचा, म्हणजे फर्न. त्याच्या कुंडीला हात लावण्याआधी पाच मिनिटं फक्त पानं बघा. कुठलं पान वाळलंय, जुनं की कोवळं, टोकाकडून की अख्खं, एकाच बाजूचं की सगळीकडचं, एवढ्यावरून निम्मं निदान होतं. घाई इथेच होते. पान वाळलेलं दिसलं की तांब्याभर पाणी, दुसऱ्या दिवशी खत, तिसऱ्या दिवशी जागा बदल. मग रोप सुधारलं काय किंवा बिघडलं काय, कशामुळे ते कळायला मार्गच उरत नाही.

लक्षणं

- एक-दोन दिवसांत अख्खी पानं कुरकुरीत. रंग जेमतेम बदललेला, राखाडीकडे झुकणारा हिरवा, आणि चिमटीत धरलं की चुरा. मुळांचा गोळा आतून कोरडा पडला आहे. सगळ्यांत जास्त भेटणारं दुखणं हेच.
- टोकं आणि कडा तपकिरी. आधी जुन्या पानांच्या, मग आठवड्यागणिक आत सरकत जाणाऱ्या. क्षार साठलेत.
- गुंडाळलेले कोवळे कोंब उलगडायच्या आतच काळे पडून वाळतात, जुनी पानं मात्र ठीक. हवा कोरडी आहे, नाहीतर वाऱ्याचा झोत लागतोय.
- पानं पिवळी पडून झडतात, माती ओली, कुंडीला कुबट वास. मुळं कुजताहेत.
- खिडकीकडच्या बाजूची पानं पांढुरकी, भाजल्यासारखी. ऊन लागतंय.
- देठ लांबच लांब, पानं विरळ, सगळा झुबका एकीकडे कललेला. उजेड कमी पडतोय.
- दोन शिरांच्या मध्ये अडून राहिलेले, सरळ कडांचे काळपट पट्टे. हे लक्षण वेगळं आहे, त्याबद्दल शेवटी.
- पानाच्या खालच्या अंगाला, अगदी कडेशी, तपकिरी दुमडी. याला रोग समजू नका. नेच्याला फूल-बी नसतं, बीजाणू असतात. हंसराज ते पानाची कडच खाली दुमडून त्या झाकणाखाली ठेवतो. दुमडी प्रत्येक पर्णिकेच्या, म्हणजे पानाच्या छोट्या पाकळीच्या, कडेलाच असतील तर बीजाणू. ठिपके देठावर, शिरेवर, कुठेही असतील आणि नखाने अलगद सुटत असतील तर खवले कीड. निरोगी बीजाणूंवर कीटकनाशक मारून रोप जाळल्याची प्रकरणं कमी नाहीत.

आधी, तुमच्याकडे कुठला हंसराज आहे?

नर्सरीत जो झुबकेदार हंसराज मिळतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पान अनेक फांद्यांत विभागलेलं, एकूण आकार त्रिकोणी, पर्णिका लहान, पंख्यासारख्या. हा योग्य काळजीत बारा महिने हिरवा राहतो, म्हणजे तो वाळला तर काहीतरी चुकलंय.

पावसाळ्यात ताम्हिणी, आंबोली, महाबळेश्वरच्या वाटेवर दरडींवर आणि कोकणात जांभ्याच्या भिंतींवर जो दिसतो तो आपला रानटी हंसराज. एकाच काळ्या देठाच्या दोन्ही बाजूंना अर्धचंद्रासारख्या पर्णिका, आणि देठाचं टोक लांबून जमिनीला टेकलं की तिथे नवं रोप. हा पाऊस संपला की वाळतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळी पानं गेली तर त्याला काहीही झालेलं नाही, त्याची झोपायची वेळ झाली. कुंडी सावलीत ठेवा, पंधरा दिवसांतून एकदा माती जेमतेम ओली करा, जूनची वाट बघा. या काळात भरपूर पाणी घातलं तर मात्र झोपलेला गड्डा, म्हणजे मातीतलं खोड, खरोखर कुजतो. आणि जाता जाता: अभयारण्यातून कुठलंही रोप उपटणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. नर्सरीतलं रोप दीड-दोनशेला मिळतं.

पुढचं सगळं नर्सरीतल्या हंसराजाबद्दल आहे.

१. कुंडी उचला

खर्च शून्य, वेळ दहा सेकंद. कुंडी हलकी फुलासारखी लागली तर वरची माती कितीही ओली दिसो, आत पाणी पोचलेलं नाही.

हे का होतं ते समजून घ्यायला हवं. नर्सरीतलं रोप बहुतेक वेळा कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याच्या, घट्ट गोळ्यात वाढवलेलं असतं. आपण घरी आणून तो गोळा तसाच मोठ्या कुंडीत ठेवतो आणि भोवती लाल माती भरतो. कोकोपीट एकदा पूर्ण कोरडं पडलं की पाणी झिडकारतं आणि आकसतं. गोळा आणि माती यांच्यात काडीभर फट पडते. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ तळाला जातं, ताटलीत येतं, आपल्याला वाटतं भरपूर झालं. खात्री करायची असेल तर रोप कुंडीतून बाहेर काढून गोळ्यात अंगठा खुपसा. बाहेरची माती चिखल, बोटाच्या एका पेरापलीकडे आतलं कोकोपीट भुश्यासारखं कोरडं, फिकट तपकिरी. मुळं सगळी त्या भुश्यात. रोज पाणी घालूनही हंसराज तहानेने मरतो तो असा.

उपाय: बादलीत कोमट पाणी घ्या, गार पाण्यापेक्षा ते लवकर मुरतं. कुंडी काठापर्यंत बुडवा. तरंगायला लागली तर वर हलकं वजन ठेवा. बुडबुडे येत राहतील. ते थांबेपर्यंत, साधारण २० ते ३० मिनिटं, हलवू नका. मग काढून १५ मिनिटं निथळू द्या. आता परत उचलून बघा, वजनातला फरक हाताला लक्षात राहतो. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर निथळलेल्या कुंडीचं वजन पट्टीवर लिहून कुंडीला चिकटवा. ते पाऊणपट झालं की पाण्याची वेळ. म्हणजे ८०० ग्रॅमची कुंडी ६०० ग्रॅमवर आली की.

‘दिवसाआड एक कप’ असा हिशोब हंसराजाला चालत नाही. तीच कुंडी पुण्यात एप्रिलमध्ये रोज पाणी मागेल आणि जुलैमध्ये पाच दिवस मागणार नाही. बहुतेक बाकीची झाडं एकदा कोमेजली तर पाणी मिळताच उभी राहतात. हंसराजाची पर्णिका कागदासारखी पातळ, तिच्यात साठा नसतोच. एकदा कुरकुरीत झालेलं पान कितीही पाणी दिलं तरी परत हिरवं होत नाही. त्यामुळे उपाय लागू पडला की नाही हे वाळलेल्या पानांवरून ठरवू नका, नव्या कोंबांवरून ठरवा.

२. ताटली आणि बाहेरची शोभेची कुंडी

पहिल्याच्या उलट बिघाड. चिनी मातीच्या देखण्या कुंडीत प्लास्टिकची कुंडी ठेवलेली असते आणि आत दोन बोटं पाणी साचलेलं असतं, ते बाहेरून दिसत नाही. आतली कुंडी उचलून बघा, पाणी असेल तर ओता. ताटलीतलं पाणीही अर्ध्या तासानंतर राहू देऊ नका. मुळांना ओलावा हवा तशीच हवाही हवी. साचलेल्या पाण्यात ती गुदमरतात आणि कुजायला लागतात. शिवाय डासांची अळी होते ती वेगळी.

तळाचं भोक काडी घालून मोकळं आहे का तेही आत्ताच बघून घ्या.

३. जागा

तीन गोष्टी बघायच्या: झोत, ऊन, उजेड.

दुपारी कुंडीजवळ हाताची मागची बाजू धरा. पंख्याचा, एसीचा किंवा खिडकीतला वारा हाताला जाणवत असेल तर ती जागा हंसराजाची नाही. पर्णिका थरथरत असतात तेवढा वारासुद्धा त्याला जास्त. कोवळे कोंब सगळ्यांत आधी जातात, कारण त्यांच्यावरचं आवरण अजून तयार झालेलं नसतं.

मग सावलीची परीक्षा. पानांच्या वर फूटभर अंतरावर हात धरा. सावली कडक, कडा स्पष्ट असेल तर ऊन जास्त. सावली पडतच नसेल तर उजेड कमी. अंधुक, कडा विरघळलेली सावली पडली की जागा बरोबर. पूर्वेच्या खिडकीत सकाळी आठपर्यंतचं कोवळं ऊन चालतं. उत्तरेची खिडकी उत्तम. पश्चिमेच्या गॅलरीत हंसराज ठेवायचाच असेल तर ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट लागेल, आणि मार्च ते मे तीही पुरणार नाही.

जागा बदलली की दोन आठवडे दुसरं काही बदलू नका.

४. पाणी कसलं घालताय?

कडा तपकिरी होण्याचं कारण बहुतांशी इथे सापडतं, आणि इथेच लोक सगळ्यांत जास्त गोंधळतात.

कुंडीच्या काठाला, मातीच्या वरच्या थराला किंवा मातीच्या कुंडीच्या बाहेरच्या अंगाला पांढरी पापडी धरली आहे का? नखाने खरवडा, पिठासारखी निघेल. ते क्षार. पाण्यात विरघळलेले क्षार (टीडीएस) पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग, असे मोजणारा टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, तो घ्या आणि तुम्ही घालता ते पाणी मोजा. धरणाचं नळपाणी, म्हणजे मुंबई किंवा पुण्याचं महापालिकेचं, सहसा कमी क्षाराचं असतं. बोअरवेल आणि टँकरचं पाणी ५०० पीपीएमच्या वर सहज जातं. ढोबळ माप असं धरा: २०० पर्यंत बिनधास्त वापरा, २०० ते ४०० असेल तर दर महिन्याला कुंडी धुवा, ५०० च्या वर असेल तर हंसराजाला ते पाणी घालू नका.

आता गोंधळ. रात्रभर बादलीत पाणी ठेवलं की क्लोरीन उडून जातो, हे खरं. क्षार मात्र उडत नाहीत, उलट बाष्पीभवनाने किंचित वाढतात. पाणी उकळूनही सगळे जात नाहीत. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी ‘झाडांना घाला’ असं सर्रास सांगितलं जातं. त्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात, ते फरशी पुसायला वापरा. सगळ्यांत फसवं पाणी सोसायटीच्या सॉफ्टनरचं. त्याने बादलीला डाग पडत नाहीत, साबणाला फेस येतो, म्हणून चांगलं वाटतं. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालतो. टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो आणि सोडियम तर झाडाला जास्तच बाधतं.

कोणी म्हणेल, जुन्या दगडी विहिरींच्या चिऱ्यांत, चुन्याच्या सांध्यांत हंसराजाची एक जात मजेत वाढते, मग क्षारांचं एवढं काय? ती वाढते, चुन्याशी तिचं वैर नाही. पण विहिरीच्या भिंतीवर पाणी सतत पाझरत असतं, क्षार वाहून जातात. कुंडीत आलेला क्षार कुंडीतच बसतो आणि पाणी उडालं की दाट होतो.

पाणी आणायचं कुठून? पावसाचं सर्वांत चांगलं. सर सुरू झाल्यावर पहिली १०-१५ मिनिटं गच्चीची धूळ जाऊ द्या, मग भरा, आणि झाकण घट्ट लावा. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी जवळजवळ क्षारविरहित असतं, स्वच्छ बादलीत धरलेलं असेल तर बेलाशक वापरा. आरओचं पिण्याचं पाणी एका कुंडीपुरतं परवडतं.

कुंडी धुणं म्हणजे तिच्या आकारमानाच्या तीन-चार पट कमी क्षाराचं पाणी वरून सावकाश ओतून खालून वाहू देणं. लिटरभराची कुंडी असेल तर तीन-चार लिटर. शेवटी खालून येणारं पाणी मोजा. सुरुवातीला ९०० दाखवणारा मीटर ३०० च्या खाली आला की थांबा. वरची पापडी धरलेली माती मात्र धुण्याआधीच अर्धा इंच काढून टाका, धुतल्याने ती परत आत जाते.

५. खत थांबवा

वाळत असलेल्या हंसराजाला खत देणं म्हणजे तहानलेल्याला मीठ. खताचे दाणे घातले असतील तर वेचून काढा आणि वर सांगितल्याप्रमाणे कुंडी धुवा. रोप सावरून नवी चार-पाच पानं पूर्ण उलगडली की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) एका लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही माती आधीच ओली असताना. पाकिटावरचं प्रमाण शेतातल्या पिकाचं असतं, ते इथे लावू नका. फक्त पावसाचं किंवा एसीचं पाणी घालत असाल तर मात्र हे अर्ध्या ग्रॅमचं खत विसरू नका, कारण त्या पाण्यात काहीच नसतं. डिसेंबर-जानेवारीत वाढ मंदावते, तेव्हा खत बंद.

चहाचा चोथा, ताक, तांदळाचं धुवण वगैरे हंसराजाच्या कुंडीत नको. चिलटं आणि बुरशी एवढंच त्यातून निघतं.

६. हवेतला दमटपणा

हंसराजाला ५० टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते, ६०-७० ला तो खुलतो. मुंबई, रत्नागिरी, पणजीत एसी नसलेल्या खोलीत हा प्रश्नच येत नाही. पुणे, नाशिक, संभाजीनगरला मार्च ते मे, आणि विदर्भात त्याहून जास्त, दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते. तिथे पाणी, माती, उजेड सगळं बरोबर असूनही कोंब जळतात.

पानांवर पाणी फवारणं हा लोकप्रिय उपाय, आणि जवळजवळ निरुपयोगी. आर्द्रता पाच-दहा मिनिटं वाढते, मग होती तिथे. हंसराजाच्या पानावर तर पाणी ठरतच नाही, थेंब मोत्यासारखे घरंगळतात. पाणी क्षारांचं असेल तर पानांवर पांढरे ठिपके मात्र राहतात. खड्यांच्या ताटलीत पाणी ठेवून वर कुंडी ठेवल्याने थोडा फरक पडतो, पण तो उघड्या खोलीत फार नाही.

खरा फरक पडतो तो बंदिस्त जागेने. जुनी काचेची फिशटँक, मोठी बरणी, नाहीतर तळाला भोकं नसलेला पारदर्शक प्लास्टिकचा डबा. वरचं तोंड तीन-चतुर्थांश झाकलेलं. आत थेट ऊन अजिबात नको, काचेत रोप शिजतं. खिडकी असलेलं न्हाणीघर हाही चांगला पर्याय. आणि नागपूर-अमरावतीकडच्या लोकांसाठी एक सोय: वाळ्याचा कूलर चालू असलेली खोली हंसराजाला एसीच्या खोलीपेक्षा कितीतरी बरी, कारण कूलर हवेत पाणी सोडतो आणि एसी काढून घेतो. फक्त कुंडी झोतासमोर नको, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा.

७. कीड

भिंग किंवा मोबाइलचा कॅमेरा मोठा करून गड्ड्याजवळ, देठांच्या बेचक्यात आणि पानांच्या खालून बघा. कापसाचे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण, देठावर चिकटलेले तपकिरी ठिपके असतील तर खवले कीड. कोवळ्या कोंबांवर हिरवी-काळी गर्दी असेल तर मावा. पावसाळ्यात पानं कुरतडलेली दिसली तर रात्री बॅटरी घेऊन गोगलगाई वेचा. त्यांच्यावर मीठ टाकायची आपल्याकडची सवय इथे महागात पडते, ते मीठ कुंडीतच विरघळतं.

हंसराजाला बहुतेक फवारे सोसत नाहीत. कडुलिंबाचं तेल, साबणाचं पाणी, स्पिरिट, यांतल्या कशानेही पान जळू शकतं. म्हणून आधी ओला मऊ ब्रश आणि पाण्याची बारीक धार, तीन-तीन दिवसांनी चार वेळा. जास्त किडलेली पानं सरळ बुडातून कापून पिशवीत बांधून फेका. एवढ्याने भागलं नाही तर कडुलिंबाचं तेल बाटलीवरच्या निम्म्या प्रमाणात, फक्त एका पानावर, आणि तीन दिवस थांबून मग बाकीच्यांवर. पानं चकचकीत करायचा फवारा नेच्यावर कधीच नाही.

८. मुळं बघा

इथपर्यंत काही सापडलं नाही, किंवा कुबट वास येतोय, तरच रोप बाहेर काढायचं. कारण मुळं हलली की हंसराज दोन-तीन आठवडे रुसतो.

एक गोष्ट इथे हमखास चुकते. बाकी झाडांची निरोगी मुळं पांढरी असतात. नेच्याची मुळं निरोगी असतानाच गडद तपकिरी, जवळजवळ काळी असतात. ‘मुळं काळी, म्हणजे कुजली’ असं ठरवून चांगली मुळं कापली जातात. रंगावर जाऊ नका. मूळ चिमटीत धरून हलकं ओढा. तारेसारखं चिवट लागलं आणि टोकाशी फिकट, ताजं असेल तर जिवंत. साल हातात निघून आली, आत बारीक दोरा उरला, बोटाला चिकट लागलं आणि वास आला तर ते कुजलेलं. तेवढंच कापा. कापसासारखं पांढरं काही मुळांच्या गोळ्यावर असेल तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण.

मग गड्डा. मातीच्या वरच्या थरात आडवा पसरलेला, बारीक केसाळ खवल्यांचा, पेन्सिलीहून बारीक. त्याला नखाने जरासं खरवडा. आत पांढुरका-हिरवा आणि कडक असेल तर वर एकही पान नसलं तरी रोप वाचतं. आत तपकिरी आणि पोकळ असेल तर संपलं.

नवी माती

दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग परलाइट (फुगवलेल्या खडकाचे पांढरे हलके दाणे) किंवा हरभऱ्याएवढे विटांचे खडे, एक भाग चाळलेलं पालापाचोळ्याचं खत किंवा गांडूळखत. काळी माती नको, ती आवळते. नर्सरीतली लाल मातीही नको.

कोकोपीट धुणं टाळू नका. ६५० ग्रॅमची वीट साधारण ४ लिटर पाण्यात फुगवा, फडक्यात घालून पिळा, परत भिजवा, परत पिळा, असं तीनदा. पिळलेलं पाणी मोजत गेलात तर स्वस्त विटेचं पहिलं पाणी मीटरवर किती दाखवतं ते बघून धक्का बसेल. साध्या पाण्याने सुटे क्षार जातात, कोकोपीटला चिकटलेलं सोडियम आणि पोटॅशियम जात नाही. त्यासाठी ५ लिटर पाण्यात १० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी एकदा धुवा. कृषी सेवा केंद्रात ते मिळतं.

कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा एकच इंच मोठी. मोठ्या कुंडीत जास्तीची माती ओली राहते आणि मुळं कुजतात. कोरड्या हवेच्या गावात प्लास्टिकची किंवा चकाकी दिलेली कुंडी, कोकणात पावसाळ्यासाठी मातीची. जुना घट्ट गोळा काडीने बाहेरून हलका मोकळा करा, म्हणजे नवी माती आणि गोळा यांच्यात फट राहणार नाही. गड्डा पुरू नका, तो मातीच्या पातळीवरच दिसत राहिला पाहिजे.

९. सगळं कापून टाकणं

निम्म्याहून जास्त पानं वाळली असतील आणि गड्डा जिवंत असेल तर स्वच्छ कात्रीने सगळी पानं मातीपासून एक इंच ठेवून कापा. गुंडाळलेले कोंब वाचवा. बघायला भुंडं दिसतं, पण पानांतून उडणारं पाणी कमी झाल्याने उरलेल्या मुळांवरचा ताण उतरतो. कुंडीवर चार भोकं पाडलेली पारदर्शक पिशवी घाला, सावलीच्या उजेडात ठेवा, माती दमट ठेवा, ओली गच्च नको, कारण पानं नसताना रोप फार कमी पाणी पितं. सगळं ठीक असेल तर दोन ते चार आठवड्यांत तांबूस, लवदार, सुरळीच्या वडीसारखे गुंडाळलेले कोंब दिसतात. पिशवी एकदम काढू नका, आठवडाभर रोज थोडी जास्त वेळ उघडी ठेवा. झुबका भरायला दोन-तीन महिने.

हा उपाय एप्रिल-मेमध्ये करायचं टाळा. तोवर रोप न्हाणीघरात ढकलत न्या आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर कापा.

कुठे थांबायचं, कोणाला विचारायचं

कापल्यावर सहा आठवड्यांत एकही कोंब आला नाही आणि गड्डा पोकळ लागला तर थांबा. दोनशेच्या रोपावर सहाशेची औषधं घालू नका. माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका, कुंडी उकळत्या पाण्याने धुवा.

शिरांमध्ये अडकलेले काळपट पट्टे दिसत असतील आणि ते एका पानावरून दुसऱ्यावर चढत असतील तर पानांतल्या सूत्रकृमींचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींचा, संशय धरावा लागतो. यावर घरगुती उपाय नाही. ते ओल्या पानांवरून पसरतात, म्हणून फवारणी लगेच बंद, कुंडी बाकीच्यांपासून दूर. एकच रोप असेल तर पिशवीत बांधून फेका. पंधरा दिवसांत तीन-चार कुंड्यांवर तेच पट्टे किंवा तीच सड दिसली तर स्वतः औषध निवडू नका. राहुरी, दापोली, अकोला आणि परभणी इथल्या कृषी विद्यापीठांत वनस्पतिरोगशास्त्राचे विभाग आहेत, जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्रही वाट दाखवतं. नमुना नेताना पूर्ण मेलेलं पान नेऊ नका, अर्धं हिरवं अर्धं बिघडलेलं न्या. कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळा, ओल्या प्लास्टिकमध्ये वाटेतच सडतं. सोबत मूठभर माती, अर्धा लिटर तुमचं पाणी, पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, आणि कधी काय घातलं त्याच्या तारखा.

मुळांवरचा पिठ्या ढेकूण अनेक कुंड्यांत असेल तर मातीत ओतायची कीटकनाशकं हाच पर्याय उरतो. मुलं आणि मांजरं असलेल्या घरात ती स्वतः वापरू नका, परवाना असलेल्या कीडनियंत्रणवाल्याला बोलवा.

पाणी १००० पीपीएमच्या वर जात असेल तर ते एकट्या हंसराजाचं दुखणं नाही. पाणी प्रयोगशाळेतून तपासून अहवाल सोसायटीच्या बैठकीत ठेवा. आणि भिंतीवरच्या उभ्या बागेत फर्न एकाच रांगेत वाळत असतील तर त्या रांगेची ठिबकनळी क्षारांनी तुंबलेली असते. नळी काढून साफ करता येते, पण पंप, टायमर आणि फॉगरच्या (धुक्यासारखं पाणी फवारणाऱ्या यंत्राच्या) वायरिंगला हात न लावता बसवणाऱ्यालाच बोलवा.